जिल्हा कोणता लिहू?

श्रीलंकेत विद्यापीठ प्रवेशाचा अर्ज भरताना मुलाचा जिल्हा ठरवावा लागतो. आपल्याला हा रकाना साधा वाटेल, पत्त्याचाच एक भाग. तिथे मात्र त्या एका शब्दावर डॉक्टर व्हायचं की नाही हे ठरू शकतं, कारण वैद्यकीय, अभियांत्रिकी, विज्ञान अशा शाखांतल्या निम्म्याहून जास्त जागा जिल्हावार वाटल्या जातात. हा जिल्हा जन्मगावावरून ठरत नाही की बापजाद्यांच्या गावावरून. ए-लेव्हल म्हणजे आपल्या बारावीच्या जोडीची परीक्षा. तिच्या आधीची तीन वर्षं मुलगा ज्या जिल्ह्यातल्या शाळेत शिकला, तो त्याचा जिल्हा.

आता २००९ सालचा, उत्तर श्रीलंकेतल्या वन्नी भागातला एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणा. त्याची शाळा किलिनोच्चीत होती. वेगळ्या तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या तमिळ वाघांविरुद्धच्या (एलटीटीई) युद्धात सरकारी सैन्य पुढे सरकलं तसं घरदार सोडून कुटुंब पूर्वेकडे, मुल्लैतीवूच्या बाजूला गेलं. तिथे काही दिवस झाडाखाली वर्ग भरले, मग तेही बंद पडले. मे महिन्यात युद्ध संपलं तेव्हा तो वावुनिया जिल्ह्यातल्या मेनिक फार्म छावणीत तंबूत होता. तीन वर्षांत तीन जिल्हे, आणि मधले कितीतरी महिने कुठल्याच शाळेत नाही. त्याने त्या रकान्यात काय लिहायचं?

हा प्रश्न कारकुनी वाटतो, पण तो तसा नाही. यादवी संपल्यावर सरकारं रस्ते बांधतात, पूल उभारतात, निवडणुका घेतात आणि पाहुण्यांना ते सगळं दाखवतात. ज्या घरात अठरा-एकोणीस वर्षांचं मूल आहे, त्या घराला मात्र शांतता आली की नाही हे कॉलेजच्या यादीवरून कळतं. माझं म्हणणं असं की, युद्धाने मुलाचं जे नुकसान केलं ते प्रवेशाच्या नियमात उघडपणे धरलं पाहिजे, आणि ते त्या मुलाच्या नावावर धरलं पाहिजे. त्याच्या भाषेवरून ते ठरवू नये आणि नुसत्या जिल्ह्यावरूनही ठरवू नये. सगळ्यांना एकच पेपर दिला म्हणजे न्याय झाला असं मानणं सोयीचं आहे, पण खरं नाही.

श्रीलंकेचंच उदाहरण घेतो, कारण तिथे प्रवेशयादी युद्धाच्या आधीही होती आणि नंतरही. युद्ध पेटवणाऱ्या कारणांत तिचा वाटा होता.

थोडं मागे जावं लागेल. जाफना हा उत्तरेकडचा चुनखडीचा द्वीपकल्प. तिथे बारमाही नदी नाही, शेतीला जमीन थोडी आणि विहिरीच्या पाण्यावरची. अशा ठिकाणी शिकून सरकारी नोकरी धरणं हाच पोट भरायचा भरवशाचा मार्ग. त्यात अमेरिकन मिशनऱ्यांनी १८१६ पासून तिथे शाळा काढल्या, १८२३ मध्ये वड्डुकोड्डैला सेमिनरी सुरू केली. आपल्याकडे मुंबईत आणि पुढे अहमदनगरला ज्या अमेरिकन बोर्डाने शाळा उघडल्या, तेच हे बोर्ड. नगरच्या त्या शाळांनी आपल्या इकडे काय बदललं हे फुल्यांचं चरित्र वाचलेल्याला सांगायला नको. जाफन्यात त्याचा परिणाम असा झाला की शे-दीडशे वर्षांत तिथल्या तमिळ शाळा प्रयोगशाळेसकट उभ्या राहिल्या, आणि १९६९-७० च्या सुमाराला देशातल्या वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या जवळपास निम्म्या जागांवर तमिळ मुलं होती. लोकसंख्येत श्रीलंकन तमिळांचं प्रमाण मात्र साधारण अकरा टक्के.

हा आकडा वाचून सिंहली खेड्यातल्या बापाला काय वाटलं असेल, हेही समजून घ्यायला हवं. त्याच्या गावच्या शाळेत विज्ञानाचा शिक्षकच नव्हता. १९४५ नंतर शिक्षण फुकट झालं, पोरं शिकली, पण शिकली ती कला शाखेत, आणि पदवी घेऊन घरी बसली. अशाच ग्रामीण सिंहली तरुणांनी एप्रिल १९७१ मध्ये सरकारविरुद्ध सशस्त्र उठाव केला आणि तो हजारोंच्या रक्तात बुडवला गेला. म्हणजे शिकलेल्या पण वाट न सापडलेल्या तरुणांचं बंड त्या देशात आधी दक्षिणेत झालं होतं. त्यांची तक्रार खरी होती. तिच्यावर जो उपाय निघाला, तो घातक ठरला.

त्याच सुमारास अभियांत्रिकीच्या प्रवेशाबद्दल एक बोलवा उठली की तमिळ परीक्षकांनी तमिळ पेपर सढळ हाताने तपासले. चौकशीत त्यात तथ्य आढळलं नाही, पण संशय राहायचा तो राहिला. पंतप्रधान सिरिमाओ बंदरनायके यांच्या सरकारने मग प्रवेशाची रेषाच माध्यमानुसार वेगळी आखली. वैद्यकीयसाठी सिंहली माध्यमाच्या मुलाला ४०० पैकी २२९ गुण पुरेसे झाले, तमिळ माध्यमाच्या मुलाला २५० लागले. अभियांत्रिकीला हेच आकडे २२७ आणि २५०. या पद्धतीला नाव दिलं गेलं ‘प्रमाणीकरण’.

एकवीस गुण. बारावीच्या निकालाच्या दिवशी घरात काय होतं हे आपल्या प्रत्येकाला माहीत आहे. एका गुणाने हुकलेली जागा माणूस म्हातारपणी सांगतो. इथे दोन मुलं एकाच देशात, एकाच दिवशी, त्याच प्रश्नांची उत्तरं लिहितात; २४० गुण मिळवणारा एक डॉक्टर होतो आणि तितकेच मिळवणारा दुसरा घरी जातो, आणि का गेला याचं उत्तर त्याच्या उत्तरपत्रिकेत नसतं, ती कुठल्या लिपीत लिहिली यात असतं.

यातला दुसरा अन्याय कमी बोलला जातो. तमिळ माध्यम म्हणजे काही एकटं जाफना नव्हतं. नुवारा एलियाच्या चहामळ्यांत लाइनीच्या खोल्यांत राहणाऱ्या मजुरांची पोरं तमिळच शिकत होती. पूर्वेला बट्टिकलोआची तमिळ आणि मुस्लिम मुलं तमिळच शिकत होती. त्यांच्या शाळा सिंहली खेड्यांपेक्षा बऱ्या नव्हत्या, कित्येक ठिकाणी वाईटच होत्या. जाफन्याच्या चांगल्या शाळांचा हिशेब त्यांच्याही माथी मारला गेला. मागासलेपण मोजायचं होतं, मोजली भाषा. मोजपट्टी चुकली की सगळ्यात दुबळा माणूस आधी मार खातो.

१९७४ पासून जिल्हा कोटा आला. याने जाफन्याच्या जागा आणखी घटल्या. अभियांत्रिकीत जे तमिळ विद्यार्थी निम्म्याच्या आसपास होते ते चार-पाच वर्षांत चतुर्थांशाच्याही खाली आले. पण मन्नार, वावुनिया, बट्टिकलोआसारख्या मागे पडलेल्या तमिळभाषक जिल्ह्यांतली काही मुलं याच कोट्याने पहिल्यांदा विद्यापीठाच्या पायऱ्या चढली. म्हणून मी भाषेवरची कपात आणि जिल्हा कोटा या दोन गोष्टींना एकाच तराजूत घालत नाही. पहिली गोष्ट मुलाला सांगते, तू अमक्यांचा आहेस म्हणून तुझे गुण कमी. दुसरी निदान एवढं म्हणते की तुझ्या भागात शाळा धड नव्हती. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाचं ७०:३० सूत्र होतं, म्हणजे ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के राज्यभरातल्या; ते २०२० मध्ये रद्द झालं. त्यावर मराठवाड्यातल्या आणि उरलेल्या महाराष्ट्रातल्या पालकांनी एकमेकांना काय काय ऐकवलं ते ताजं आहे. प्रादेशिक वाटणीवर भांडण होतं, व्हावंही. पण त्या भांडणात कोणी कोणाच्या माणूसपणावर बोट ठेवत नाही. भाषेच्या कपातीत ते ठेवलं जातं.

जाफन्याच्या तरुणांनी ते बोट ओळखलं. त्याच काळात तमिळ विद्यार्थ्यांची संघटना उभी राहिली. तिच्यातून पुढे आलेल्या पोन्नुदुराई शिवकुमारन या तरुणाने १९७४ मध्ये पोलिसांच्या हाती लागताना सायनाइड गिळलं. १९७६ च्या मे महिन्यात वेगळ्या तमिळ राज्याचा ठराव झाला, तो त्याच वड्डुकोड्डै परिसरात, जिथे दीडशे वर्षांपूर्वी सेमिनरीची घंटा वाजली होती. १९८१ च्या मे-जूनच्या रात्री जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय जाळलं गेलं, सुमारे ९७ हजार ग्रंथांसह. १९८३ च्या जुलैत कोलंबोत तमिळांची कत्तल झाली आणि मग सव्वीस वर्षं युद्ध.

प्रवेशयादीमुळे युद्ध झालं असं मी म्हणणार नाही. १९५६ चा फक्त-सिंहली भाषा कायदा, त्यानंतरच्या दंगली, मोडलेले करार, हे सगळं त्याआधीचं आहे. पण राजकारणाकडे पाठ करून अभ्यास करणाऱ्या मुलाला, ज्याला भाषणाशी देणंघेणं नव्हतं, त्यालाही या यादीने घराबाहेर काढलं. भाषा कायद्याने बापाची बढती गेली. यादीने मुलाचं भविष्य गेलं. घर पेटायला दुसरी गोष्ट जास्त पुरते.

युद्धाच्या काळातली एक गोष्ट मला थक्क करते. परीक्षा चालू राहिली. ज्या भागावर वाघांचा ताबा होता, जिथे त्यांची न्यायालयं आणि त्यांचे पोलीस होते, तिथल्या शाळांच्या शिक्षकांचा पगार कोलंबोतून येत होता आणि मुलं कोलंबोच्याच परीक्षा विभागाची ए-लेव्हल देत होती. दोन्ही बाजू एकमेकांचे जीव घेत होत्या आणि प्रश्नपत्रिका एकच होती. याचा मला आदरच वाटतो. देश दुभंगला तरी एक धागा कोणी तोडला नाही.

पण याच गोष्टीचा आधार घेऊन पुढे जे म्हटलं जातं ते मला मान्य नाही. परीक्षा एक, पेपर एक, वेळ एक, मग तक्रार कसली? तक्रार त्या पेपरच्या आधीच्या वर्षांची आहे. वन्नीतल्या मुलामुलींच्या वाट्याला बॉम्ब तर होतेच, शिवाय घरटी एक माणूस लढायला द्या म्हणून वाघ दारात येत होते. पोरं उचलून नेत होते. त्या भीतीने आईबाप मुलांना शाळेत पाठवत नव्हते, लपवून ठेवत होते, कोवळ्या वयात लग्नं लावून देत होते, कारण लग्न झालेल्यांना बहुधा सोडतात अशी समजूत होती. या मुलीने गणित कधी करायचं? युद्ध संपल्यावर सुमारे पावणेतीन लाख माणसं तारेच्या कुंपणाआड छावण्यांत होती, आणि २००९ च्या ऑगस्टमध्ये त्या छावण्यांतल्या मुलांनी ए-लेव्हलची परीक्षा दिली. गोळीबार थांबून तीन महिने झाले होते. कोणाचा भाऊ सापडत नव्हता, कोणाच्या अंगात छर्रे होते.

सरकारने परीक्षा घेतली हे चांगलंच केलं. घेतली नसती तर वर्ष गेलं असतं. मात्र त्या उत्तरपत्रिकेला मिळालेला आकडा आणि कोलंबोत तीन-तीन शिकवण्या लावून बसलेल्या मुलाचा आकडा यांना एकाच ओळीत मांडणं, याला मी गुणवत्ता म्हणणार नाही.

इथे मला स्वतःचं सांगायलाच हवं. १९९४ च्या जूनमध्ये मी एका कॉलेजात नवा अधिव्याख्याता होतो आणि बी.एस्सी.च्या प्रवेश समितीवर होतो. उमरगा तालुक्यातला एक मुलगा खिडकीशी आला. सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात त्याचं गाव झोपेतच बसलं होतं. त्याने कागद दुधाच्या पिशवीत आणले होते, पिशवी धुऊन, वर रबर लावून. दहावीची मार्कलिस्ट डुप्लिकेट होती, कारण मूळ ढिगाऱ्यात गेली. दहावीला ८४ टक्के. बारावीला ५८. आमची यादी ६१ ला बंद झाली होती. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, “सर, परीक्षेला पत्र्याच्या शेडातून गेलो. घरात दोघंच राहिलोत.” मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा आहे. त्याने वाद घातला नाही. कागद पुन्हा पिशवीत घातले, रबर लावलं आणि गेला.

त्या वेळी मला मी प्रामाणिक वाटलो. वशिला चालू दिला नाही, रांग मोडू दिली नाही. पुढे कित्येक वर्षांनी श्रीलंकेतल्या छावण्यांमधल्या परीक्षांबद्दल वाचताना ते दोन आकडे एकदम आठवले. ८४ आणि ५८. मी ५८ वाचलं आणि ६१ शी ताडून पाहिलं. वाचायला हवं होतं ते या दोन आकड्यांमधलं अंतर. तो मुलगा हुशार आहे याचा दाखला माझ्या हातात होता आणि त्याच्यावर काय कोसळलं याचा दाखलाही त्याच कागदांत होता. त्याच्यावर दया करायची गरजच नव्हती. नीट वाचलं असतं तरी पुरलं असतं.

भूकंपाला बाजू नसते, यादवीला असते. म्हणून युद्धानंतर हे वाचन आणखी अवघड होतं आणि आणखी गरजेचं होतं. ज्या मुलावर कोसळलं त्याला आधी विचारलं जातं, तू कोणाचा? युद्ध संपल्यावर शरण आलेल्या हजारो माणसांत सुमारे सहाशे बालसैनिक होते. त्यांतल्या बऱ्याच मुलांना कोलंबोजवळ रत्मलानाच्या हिंदू कॉलेजात पुन्हा वर्गात बसवलं गेलं. चौदाव्या वर्षी पळवून नेऊन हातात बंदूक दिलेली ही मुलं. त्यांना परत वही देण्याचा निर्णय त्या सगळ्या काळ्या काळातला एक शहाणा निर्णय होता, असं मी मनापासून मानतो, मग त्या सरकारच्या बाकीच्या वागण्याबद्दल कितीही तक्रारी असोत.

आता पुन्हा त्या जिल्ह्याच्या रकान्याकडे. आजची व्यवस्था साधारण अशी आहे: ४० टक्के जागा देशभरच्या गुणवत्तेवर, ५५ टक्के जिल्ह्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात, आणि ५ टक्के शैक्षणिकदृष्ट्या मागास जिल्ह्यांना जादा. या मागास जिल्ह्यांत किलिनोच्ची, मुल्लैतीवू, मन्नार आहेत, तसे मोनरागला आणि अनुराधपुराही आहेत. तमिळ आणि सिंहली जिल्हे एकाच यादीत, एकाच कारणाने. १९७१ च्या तुलनेत ही केवढी मोठी सुधारणा आहे! वेगवेगळ्या विषयांचे गुण तोलण्यासाठी २००१ च्या परीक्षेपासून ‘झेड-स्कोअर’ आला. २०११ मध्ये जुन्या आणि नव्या अभ्यासक्रमाच्या मुलांना एकत्र तोलल्यामुळे घोळ झाला, तेव्हा मुलं न्यायालयात गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा हिशेब करायला लावला. यादीवर चिडलेली मुलं वकिलाकडे जातात, जंगलात जात नाहीत, हे त्या देशाने फार मोठी किंमत देऊन कमावलं आहे.

तरीही जिल्हा हे मोजमाप युद्धानंतर अपुरं पडतं, कारण ते माणसं जागच्या जागी राहतात असं धरून चालतं. किलिनोच्ची हा जिल्हाच मुळात १९८४ पर्यंत नव्हता, तो जाफन्याचा भाग होता. आणि माणसांची तऱ्हा तर त्याहून वाईट. ऑक्टोबर १९९० मध्ये वाघांनी उत्तरेतल्या सगळ्या मुसलमानांना, सत्तर हजारांच्या वर माणसांना, काही तासांच्या, फार तर काही दिवसांच्या मुदतीत हाकलून दिलं. त्यातले बहुतेक पश्चिम किनाऱ्यावरच्या पुत्तलम जिल्ह्यात जाऊन राहिले. त्यांची मुलं पुत्तलमच्या शाळांत शिकली. कागदावर ती पुत्तलमची, आणि पुत्तलमचा मूळ रहिवासी त्यांच्याकडे बघून म्हणणार, आमच्या जागा ही बाहेरची पोरं खातात. त्यांना मन्नारची म्हणावं, तर मन्नारला ती कधी राहिलीच नाहीत. दोन गरीब एकाच जागेसाठी समोरासमोर उभे करणारा नियम शांतता टिकवत नाही.

यावर मार्ग आहे, आणि तो आपल्याला परका नाही. आपल्याकडे धरणात गाव गेलेल्या कुटुंबाला प्रकल्पग्रस्ताचा दाखला मिळतो. कुटुंब पुढे कुठेही वसो, दाखला त्याच्याबरोबर जातो. त्याच्या अंमलबजावणीत किती चिखल आहे हे ठाऊक असूनही मी म्हणतो की कल्पना योग्य आहे: नुकसान माणसाबरोबर चालतं, म्हणून त्याची नोंदही माणसाबरोबर चालली पाहिजे. युद्धात विस्थापित झालेल्या मुलाला, तो ज्या ज्या जिल्ह्यांत शिकला त्यांपैकी स्वतःच्या हिताचा जिल्हा निवडू द्यावा, आणि त्याच्यासाठी थोड्या जागा वरून वाढवून द्याव्यात, म्हणजे त्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या मुलाचा घास जाणार नाही. ए-लेव्हल देऊन विद्यापीठात जायच्या संधी तीनच असतात. ज्या वर्षी मूल छावणीत होतं किंवा पळत होतं, त्या वर्षीची संधी मोजू नये. आणि आधीच्या परीक्षेत चांगला असलेला मुलगा युद्धाच्या वर्षात घसरला असेल तर ती घसरण वाचणारं कोणीतरी प्रवेशाच्या टेबलावर असावं. हे सगळं सिंहली मुलालाही मिळालं पाहिजे. अनुराधपुराच्या सीमेवरच्या ज्या खेड्यांत रात्री वाघ येऊन कापाकापी करत आणि गावकरी रानात झोपत, तिथली मुलंही शाळेतून तुटली होती. भाषा विचारायचीच नाही. फक्त विचारायचं, तुझी शाळा किती दिवस बंद होती?

खोट्या दाखल्यांचं काय, असं कोणी विचारेल. निघतील, काही निघतीलच. जातीच्या, उत्पन्नाच्या, अपंगत्वाच्या दाखल्यांचे बाजार आपण पाहिले आहेत. पण शाळेचं हजेरीपुस्तक, छावणीची नोंद, परीक्षा केंद्राचा क्रमांक, या गोष्टी युद्धातही लिहिल्या गेल्या होत्या. कागद हरवलेल्यांसाठी युद्धानंतर फिरती पथकं गावोगाव जाऊन जन्मदाखले देत होती. यंत्रणेला मनापासून शोधायचं असेल तर सापडतं.

कमी गुणांच्या मुलाला डॉक्टर करायचं का, हा त्याहून गंभीर आक्षेप. मी शिक्षक आहे, मला तो झटकता येत नाही. उत्तर लायबेरियाकडे बघून देतो. तिथे १९८९ ते २००३ या काळात दोन यादवी युद्धं झाली. दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, लायबेरिया विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला सुमारे २५ हजार मुलं बसली आणि एकही उत्तीर्ण झालं नाही. जगभर बातमी झाली. विद्यापीठाने दर्जा राखला म्हणायचं तर म्हणा, पण मग २५ हजार मुलांना शाळेने बारा वर्षं काय शिकवलं, हा प्रश्न त्या मुलांना विचारून उपयोग नव्हता. शेवटी काही मुलांना घ्यावंच लागलं. यातून मी एवढं शिकतो की दारावर सूट आणि आत मदत या दोन गोष्टी जोडीने लागतात. पहिलं वर्ष पायाभरणीचं ठेवा, गणित, विज्ञान, इंग्रजी पुन्हा शिकवा, आणि शेवटच्या परीक्षेत एका गुणाचीही सवलत देऊ नका. रुग्ण डॉक्टरच्या प्रवेशाचे गुण बघत नाही. तो डॉक्टर बाहेर पडताना काय शिकून पडला, यावर त्याचा जीव असतो.

आणि जागा. मूळ दुखणं तिथे आहे. श्रीलंकेत विद्यापीठाला पात्र ठरलेल्या चार-पाच मुलांतल्या जेमतेम एकाला सरकारी विद्यापीठात जागा मिळते. उरलेले कुठल्याही नियमाने नाराजच राहणार. भाकरी एवढीच ठेवून ती कापण्याच्या रीतीवर पन्नास वर्षं भांडत बसलं की कापणारा हात प्रत्येकाला वैऱ्याचा वाटतो. म्हणून २०१४ मध्ये जाफना विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा किलिनोच्चीत सुरू झाली, २०२१ मध्ये वावुनियाला स्वतंत्र विद्यापीठ मिळालं, या बातम्या मला कुठल्याही शांतता परिषदेपेक्षा मोठ्या वाटतात. जाफन्याच्या वर्गांत आज दक्षिणेतून आलेली सिंहली मुलंही शिकतात. २०१६ च्या जुलैत तिथे नव्या मुलांच्या स्वागतात सिंहली परंपरेतला कँडियन नाच हवा की नको यावरून हाणामारी झाली. वाईट झालं, पण ती मुलं एका कॅम्पसवर होती म्हणून भांडली, आणि पुन्हा त्याच वर्गांत बसली.

२००९ च्या पहिल्या पाच महिन्यांत, वन्नीच्या किनाऱ्यावर त्या चिंचोळ्या पट्टीत तोफांखाली, काही बाया बाळंतही झाल्या. ती मुलं आता ए-लेव्हलच्या वयाला आली आहेत. त्यांना युद्ध आठवत नाही, पण ज्यांची घरं, शाळा, शिक्षक, कधी बापही त्या पाच महिन्यांत गेले, त्यांच्याच पोटी ती वाढली. त्यांच्या अर्जात जिल्ह्याच्या रकान्यात आता एकच नाव येईल, मुल्लैतीवू, आणि ते खरंच असेल. त्या नावाशेजारी अजून काय वाचायचं, हे अर्ज हातात घेणाऱ्याला कोणीतरी आधीच शिकवून ठेवायला हवं.